पडीक जागेचं सोनं: माहीमचं उद्यान, खाणीवरचं गोल्फ मैदान आणि तुमचा गाळा



"सर, मेन रोडवर जागा परवडत नाही. आतल्या गल्लीत स्वस्त गाळा मिळतोय, पण जागा खराब आहे. घेऊ का?" हा प्रश्न नवीन उद्योजक हमखास विचारतात. आजच्या धड्यात याचं उत्तर तीन खराब जागांकडून शिकूया.

धडा १: आधी खालचं बघा, मग वरचं सजवा

सायन-वांद्रे लिंक रोडने जाताना मिठी नदीच्या काठी गर्द झाडी दिसते. ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान. आपण त्याला माहीम नेचर पार्क म्हणतो. सुमारे ३७ एकरांची ही जागा पूर्वी मुंबईचं डम्पिंग ग्राउंड होती! कचरा टाकणं बंद झालं, वर माती पसरली, झाडं लावली, वाढवली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आधी माती, मग झाडं, मग पाटी. क्रम लक्षात घ्या.

आपण नेमकं उलटं करतो. आधी बोर्ड आणि लायटिंग, आणि पहिल्या पावसात भिंतीला ओल! गाळा बघायला जाल तेव्हा ओल, ड्रेनेज, वायरिंग, वीजमीटर, पाणी आणि कागदपत्रं तपासा. जमलं तर भर पावसात एक चक्कर मारा. शेजारच्या दुकानदाराला विचारा, "आधीचा भाडेकरू का गेला?"

धडा २: जो डाग पुसता येत नाही, त्याची ओळख बनवा

अमेरिकेत मोंटाना राज्यात अ‍ॅनाकोंडा नावाचं गाव आहे. तिथे खाणीतलं तांबं वितळवायचे. कारखाना गेला, मागे राहिली विषारी जमीन आणि काळ्या मळीचे ढीग. त्या जमिनीवर स्वच्छ मातीचं आच्छादन घातलं आणि १९९७ मध्ये 'ओल्ड वर्क्स' हे गोल्फ मैदान सुरू झालं. आराखडा जॅक निकलस या दिग्गज खेळाडूचा. क्लबची मेंबरशिप लागत नाही, पैसे भरा आणि खेळा.

गोल्फच्या मैदानात मुद्दाम वाळूचे खड्डे ठेवतात, त्यांना बंकर म्हणतात. चेंडू त्यात गेला की बाहेर काढताना घाम फुटतो. इथे बंकरमध्ये पांढऱ्या वाळूऐवजी तीच काळी मळी भरली. हिरवळीवर काळेभोर बंकर! आज तीच या मैदानाची ओळख आहे.

तुमचा गाळा आत आहे? मग "गल्लीतला डबा" हेच नाव का नको? पण एक फरक विसरू नका. विषारी माती झाकावीच लागली, मिरवली ती फक्त मळी. अडचणीची जागा ही ओळख होऊ शकते, अस्वच्छ जागा कधीच नाही.

धडा ३: जागा किती वर्षं हातात आहे?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. वॉशिंग्टन राज्यात पिअर्स काउंटीने वाळू-खडीची जुनी खाण १९९२ मध्ये विकत घेतली. तिथलं 'चेंबर्स बे' हे सार्वजनिक गोल्फ मैदान सुरू झालं २००७ मध्ये. खाणीचे काँक्रीटचे जुने सांगाडे त्यांनी तसेच उभे ठेवले. २०१५ मध्ये तिथे यू. एस. ओपन स्पर्धा झाली. होलभोवतालच्या गवतावर खेळाडूंनी भरपूर टीका केली, तेव्हा त्यांनी पुढे ते गवतच बदललं. इतका धीर का धरता आला? कारण जागा त्यांच्या मालकीची होती.

आता आपला हिशोब. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत:

- मेन रोडचं भाडं: महिना ६०,००० रुपये
- गल्लीतलं भाडं: महिना २५,००० रुपये
- भाड्यातली बचत: ३५,००० रुपये
- गिऱ्हाईक कमी, म्हणून नफ्यात घट: २०,००० रुपये
- खरी बचत: महिना १५,००० रुपये
- दुरुस्तीचा खर्च: १,५०,००० रुपये

म्हणजे दुरुस्तीचे पैसे वसूल व्हायला १० महिने लागले. करार ११ महिन्यांचा असेल तर तुमच्या हातात उरला एकच महिना! त्यानंतर मालक म्हणाला, "आता जागा छान झालीय, भाडं वाढवा," तर? माती तुम्ही टाकली, फळं त्याने खाल्ली.

म्हणून पैसे घालण्याआधी मालकाशी तीन गोष्टी बोला: निदान ३६ महिन्यांचा करार, दरवर्षीची भाडेवाढ आधीच ठरलेली, आणि दुरुस्तीच्या काळात भाडेमाफी. मुदतीआधी जागा रिकामी करायला सांगणार नाही, हेही लिहून घ्या. सगळं लेखी, आणि कराराची नोंदणी करूनच. मालक लांबच्या मुदतीला तयार नसेल तर भाडं कितीही कमी असो, त्या जागेत दुरुस्तीचे दीड लाख घालू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत तीन रकाने आखा: 'दुरुस्त करायचं', 'मिरवायचं', 'वसुलीचे महिने'. बघितलेल्या प्रत्येक गाळ्यासाठी ते भरा. वसुलीचे महिने कराराच्या निम्म्याहून जास्त येत असतील, तर सरळ पुढचा गाळा बघा.

आणि एखाद्या सकाळी निसर्ग उद्यानात फिरून या. आपण कशावर उभे आहोत हे आठवा, म्हणजे धीर म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागणार नाही.

भेटूया पुढच्या धड्यात!