फिल्मच्या कडेची छिद्रे व त्यांची डागडुजी

जुन्या घरांतील ट्रंकांतून कधी कधी पत्र्याचा एक चपटा डबा निघतो व त्यात घरच्या एखाद्या मंगलकार्याची फिल्म गुंडाळलेली आढळते. जी वडीलधारी माणसे आज हयात नाहीत, ती तीत चालतात, हसतात, पंगतीस बसतात. परंतु ‘कडा फाटल्या, आता ही निकामी’ असे म्हणून ती फेकून देणारेही पुष्कळ. वास्तविक चित्रे बहुधा शाबूत असतात. बिघडलेली असतात ती कडेची छिद्रे. त्यांविषयी आम्ही येथे थोडे सांगू इच्छितो.

या छिद्रांची महती दादासाहेब फाळके यांच्या घरी चांगलीच ठाऊक होती. १९१२ साली त्यांनी चित्रपटाचा उद्योग मांडला, तेव्हा कोऱ्या फिल्मला छिद्रे घरीच पाडावी लागत; आणि हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात करीत, कारण उजेड लागताच फिल्म वाया जाई. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढे आला. त्याची कीर्ती गाताना या बोटांची आठवण क्वचितच निघते!

प्रोजेक्टरातील एक लहानसा पंजा छिद्रात शिरतो व फिल्म एका चित्रापुरती खाली ओढतो. १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर दर चित्रामागे एक छिद्र असून दोन छिद्रांतील अंतर सुमारे ७.६२ मिलिमीटर असते. फिल्म वर्षानुवर्षे पडून राहिली म्हणजे आक्रसते. टेंभुर्णीचा वैशाख व पत्र्याखालचा माळा यांचा योग जुळला तर मग विचारावयासच नको! अंतर कमी झाले की पंजा छिद्रात न शिरता त्याच्या काठावर आदळतो, आणि एक काठ फाटला की फाट पुढे सरकते. विद्यार्थ्यांनी हे मोजून पाहावे: १०० अंतरांची लांबी ७६२ मिलिमीटर भरावी. ती ७५४ भरल्यास फिल्म शेकडा एक आक्रसली असे समजावे व ती प्रोजेक्टरात मुळीच घालू नये.

डागडुजीसाठी हात स्वच्छ व टेबल उजेडात असावे. फिल्म केवळ कडांनी धरून हाताने हळूहळू उलगडावी आणि फाटलेल्या जागी कागदाची खूण घालावी. या कामासाठी छिद्रे पाडलेली पारदर्शक चिकटपट्टी मिळते, तसाच बारीक खुंट्यांचा ठोकळाही मिळतो. फिल्मची छिद्रे खुंट्यांवर बसवावी, फाटलेले काठ जुळवावे आणि पट्टी छिद्रावर छिद्र येईल अशी चकचकीत बाजूस लावून बोटाने दाबावी. काठ अगदीच तुटला असेल तर पट्टी दोन्ही बाजूंस लावावी. घरातील साधी चिकटपट्टी मात्र कदापि वापरू नये. तिचा चीक पाझरून शेजारचे वेढे एकमेकांस चिकटतात. काही लोक फाटका भाग सरळ कापून टाकतात. आम्हांस ते मान्य नाही. सेकंदास १६ चित्रांच्या वेगाने चार चित्रे म्हणजे पाव सेकंद होतो हे खरे, पण एखाद्याच्या आजोबांनी मान वळवून पाहिले ते त्याच पाव सेकंदात असेल!

डबा उघडताच शिरक्याचा वास आला तर फिल्म कुजू लागली असे जाणावे व ती इतरांपासून वेगळी ठेवावी. ३५ मिलिमीटरची १९५१ पूर्वीची फिल्म बहुधा नायट्रेटची, म्हणजे अतिशय ज्वालाग्राही असते; तिला घरी हात लावू नये. २००३ साली पुण्यात अशाच फिल्मच्या कोठारास आग लागून अनेक जुने चित्रपट नष्ट झाले.

छिद्रे फारच गेली असतील तरी निराश होण्याचे कारण नाही. पंजाऐवजी गुळगुळीत रुळांवरून फिल्म सरकवून तिची चित्रे उतरवून घेणारी यंत्रे आता आहेत. तोवर डबा थंड व कोरड्या जागी ठेवावा, आणि त्यावर साल व फिल्ममधील माणसांची नावे लिहावी. ती नावे सांगणारी आजी घरात असेल, तर याच सुट्टीत विचारून घ्यावी.