अंगणातील रान

श्रावण सरत आला की कोकणातील कोणत्याही गावाबाहेर एकदा चालत जावे. वाटेच्या दोन्ही अंगांस गुलाबी तेरडा दाटलेला असतो. जांभ्या दगडाच्या गडग्यातील फटींतून हंसराजाची नाजूक पाने डोकावत असतात. आंब्याच्या जुन्या खोडावर बाशिंगाने आपला संसार थाटलेला असतो. आणि वर सड्यावर, जेथे वैशाखात अनवाणी पाऊल टेकवत नाही, तेथे निळ्याजांभळ्या इवल्याशा फुलांचा गालिचा पसरलेला असतो. हे सारे कोणी लावले? त्यास खत कोणी घातले? कोणीही नाही. आणि आपणास घराभोवती बाग करावयाची झाली म्हणजे मात्र आपण रोपे विकत आणावयास धावतो, व उन्हाळ्यात ती सुकून गेली की विहिरीस आणि रहाटास दोष देतो!

बाहेरून आलेली फुले वाईट, असे माझे म्हणणे नाही. ज्याच्या माळेवाचून आपला दसरा साजरा होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा आहे, आणि दारोदारी फुलणारी सदाफुली मादागास्कर बेटावरची. हे पाहुणे आपल्या घरात गुण्यागोविंदाने नांदत आहेत. परंतु सर्वच पाहुणे असे गुणी निघत नाहीत. घाणेरीचे रंगीबेरंगी गुच्छ पाहून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून ती अमेरिका खंडातून भारतात आणली गेली. पाखरांनी तिची फळे खाल्ली, बिया रानोमाळ टाकल्या, आणि आज डोंगरच्या डोंगर तिने व्यापले आहेत. तिच्या दाट जाळीखाली येथील गवत उगवत नाही. म्हणून बागेसाठी झाड निवडताना ते दिसते कसे एवढेच पाहू नये; ते आले कोठून आणि कुंपणाबाहेर पडल्यावर वागेल कसे, हेही विचारावे.

आपल्या रानातील झाडांविषयी हा दुसरा प्रश्न फारसा पडत नाही. येथील पाऊस, येथील ऊन, येथील किडे व पाखरे यांच्याशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असते. मात्र त्यांच्याबाबत एक निराळीच चूक होते, आणि ती मी स्वतः केली आहे.

मी तुमच्याच वयाचा असेन. आमच्या घरामागे चढण चढून गेले की सडा लागे. भाद्रपदात तेथे सीतेची आसवे फुलत. बोटभर उंचीच्या दांडीवर निळेजांभळे टपोरे फूल. हजारो फुले वाऱ्याबरोबर एकदम मान डोलावीत. एके दिवशी मी खुरपे घेऊन गेलो आणि हातभर लांबीरुंदीचा त्यांचा थरच्या थर खरवडून टोपलीत घातला. घरी आणून कुंडीत लावला. कुंडीत काळी माती, तीत भरपूर शेणखत. मोठ्या कौतुकाने दोन वेळा पाणी घातले. चौथ्या दिवशी फुलांनी माना टाकल्या. मी आणखी खत घातले. आठव्या दिवशी कुंडीत केवळ चिखल उरला.

गुरुजींना सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. संध्याकाळी मला घेऊन ते सड्यावर आले. "माती किती आहे पाहा," असे म्हणून त्यांनी काडी रोवली. ती दोन बोटेही आत गेली नाही. खाली कातळ, वरून झुळझुळ वाहणारे पाणी. गुरुजी म्हणाले, "बाळ, या मातीत कस नाही. म्हणून या वनस्पतीने आपले पोट भरण्याची वेगळी युक्ती काढली आहे. मातीत पसरलेल्या तिच्या धाग्यांना मोहरीहूनही लहान पिशव्या असतात. पाण्यातील सूक्ष्म जीव त्या पिशव्यांत ओढले जातात आणि तेथेच जिरतात. जिला उपासाची सवय, तिला तू पंचपक्वान्ने वाढलीस!" मी जेथून थर खरवडला होता, तेथे पाण्याने उरलीसुरली मातीही वाहून नेली होती. उघडा कातळ दिसत होता.

त्या दिवसापासून मी एक रीत ठेवली. कोणतेही रानझाड अंगणात आणण्यापूर्वी ते आपल्या घरी कसे राहते हे पाहावयाचे. ऊन की सावली? पाय ओले की कोरडे? माती की दगड? आणि आणावयाचे ते बी. मुळासकट झाड नव्हे. राखीव वनातून झाड उपटणे हा तर कायद्यानेही गुन्हा आहे.

या रीतीने पाहता पहिला मान तेरड्याचा. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण त्याच्यावर थोडा अन्यायच करते. एक फूल लवकर कोमेजते हे खरे, पण झाड कित्येक दिवस नवी फुले देत राहते. त्याचे पिकलेले बोंड बोट लागताच फुटते व बिया दूर उडतात. हा खेळ तुम्ही खेळला असालच. एकदा ओंजळ खाली धरून खेळा, म्हणजे बियाही मिळतील. त्या सुकवून पुडीत ठेवाव्या आणि मृगाच्या पहिल्या पावसावर अंगणाच्या कडेने विखराव्या. पुढच्या वर्षी पुडीची गरज नाही. तेरडा आपली पेरणी आपणच करतो.

गडग्याशी कळलावी शोभते. तिच्या पानांची टोकेच वळून आधाराला धरतात. फूल उमलताना हिरवट पिवळे असते, मग ज्वाळेसारखे तांबडे होते. तिला अग्निशिखा म्हणतात ते उगाच नव्हे. परंतु तिचे सर्वांग विषारी आहे, आणि कंद तर फारच. ज्या घरी रांगते मूल किंवा मोकळे वासरू आहे तेथे तिचा मोह टाळलेला बरा. कारवीही कुंपणाला चांगली; पण ती सातआठ वर्षांतून एकदाच फुलते. इतका धीर ज्याच्यापाशी असेल त्याने ती अवश्य लावावी.

घरामागील ओलसर सावलीत काहीच येत नाही, अशी तक्रार पुष्कळजण करतात. ती जागा नेच्यांची आहे. नेच्याला फूल नाही आणि बीही नाही. हंसराजाचे पान उलटून पाहा. कडेला तपकिरी पट्टी दिसेल. तिच्यातील भुकटीसारख्या बीजाणूंपासून त्याची वाढ होते. दुसरीही एक गंमत आहे. त्याच्या पानाचे टोक लांबत जाऊन जमिनीला टेकले की तेथे मूळ फुटते आणि नवे रोप उभे राहते. जणू तो पावलापावलाने चालत जातो. उन्हाळ्यात त्याची पाने वाळतील. तो मेला असे समजून भिंत खरवडू नका. पावसाबरोबर तो पुन्हा येतो.

बाशिंगाविषयी एक गैरसमज दूर करावयास हवा. आंब्यावर वाढते म्हणून पुष्कळजण त्याला बांडगुळासारखे समजून ओरबाडून टाकतात. बांडगूळ झाडाचा रस शोषते. बाशिंग केवळ आधार घेते. त्याची बुडाशी असलेली तपकिरी, कोरडी पाने गळालेला पालापाचोळा अडवून धरतात. तोच कुजून त्याची माती होते.

आता गवत. दूर्वांची हरळी ओळखीची आहे, परंतु ती भाजीच्या वाफ्यात शिरली तर तिला बाहेर काढताना नाकी नऊ येतात. कुसळी रानातच बरी. तिची कुसळे ओलाव्याने पीळ घेतात व सोडतात आणि अशा रीतीने बी जमिनीत रुततात. तुमच्या धोतरापायजम्यातही ती तितक्याच आवडीने रुततात. उतरत्या परसात मात्र वाळ्यासारखा सोबती नाही. त्याची मुळे पसरत न जाता सरळ खाली, पुरुषभर आणि त्याहूनही खोल जातात व माती धरून ठेवतात. आमच्या परसातील पन्हळीचे पाणी दर पावसाळ्यात माती घेऊन ओढ्यास जाई. आम्ही वाळ्याच्या ठोंबांची एक ओळ आडवी लावली. दोन पावसाळ्यांनंतर त्या ओळीच्या वरच्या अंगास मातीची पायरी तयार झाली आणि तीवर तेरडा उगवला. गौरी आल्या तेव्हा आजीने गौरीसाठी तेरडा आणावयास मला रानात पाठविले नाही. परसदारीच जाऊन ती स्वतः रोपे घेऊन आली.

सड्यावरील त्या उघड्या जागेकडे मी दर भाद्रपदात जात असे. पहिल्या वर्षी तेथे कातळच होता, दुसऱ्या वर्षीही कातळच. तिसऱ्या वर्षी एका कडेच्या खळग्यात थोडी माती साठली होती. तीत सीतेची आसवे उगवली होती. मी मोजली, सात होती.