ऋण फेडणें आणि शांति

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या तोंडीं 'पे' हा शब्द लवकर येतो. त्याचा अर्थ पैसे देणें, चुकते करणें, हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु तो शब्द आला कोठून, याचा विचार थोडेच करितात.

त्याचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. त्या भाषेंत शांतीस 'पाक्स' म्हणतात. त्यावरून 'पाकारे', म्हणजे शांत करणें, हें क्रियापद झालें. रोमी लोक तें जिंकून शांत केलेल्या प्रांतांविषयीं योजीत. पुढें मध्ययुगांत 'धनकोचें समाधान करणें' असा अर्थ त्यास आला. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकिलें. त्यानंतर जुन्या फ्रेंच भाषेंतून हा शब्द इंग्रजींत उतरला. आरंभीं इंग्रजींतही त्याचा एक अर्थ 'संतुष्ट करणें' असा होता. तो आतां लुप्त झाला आहे.

आमचा मराठी शब्द पाहा. 'फेडणें' म्हणजे सोडणें, उतरविणें. अंगावरचें वस्त्र फेडितात, तसेंच ऋणही फेडितात. मराठी शब्द ऋणकोकडे पाहतो: त्याचें ओझें उतरलें. इंग्रजी शब्द धनकोकडे पाहतो: त्याचें मन शांत झालें. खऱ्या फेडींत ह्या दोन्ही गोष्टी असाव्या.

सांगावयास लाज वाटते, पण एका उन्हाळ्यांत आम्हीं शेजाऱ्याकडून चार पायली जोंधळे उसने आणिले. सुगीनंतर तीन पायली मुलाच्या हातीं पाठविले, आणि उरलेल्या एका पायलीविषयीं कांहीं बोललों नाहीं. शेजारीही बोलला नाहीं. परंतु त्याचें दार टाळून आम्ही दुसऱ्या वाटेनें विहिरीवर जाऊं लागलों. शेवटीं एके दिवशीं ती पायली स्वतः घेऊन गेलों व उशिराबद्दल क्षमा मागितली. तो म्हणाला, "दाण्यांचें काय एवढें? तुम्ही येईनासे झालां, तेंच लागलें." त्या दिवसापासून जुनी वाट पुन्हां सुरू झाली.

म्हणून देणें पुरें द्यावें, होईल तर स्वतः नेऊन द्यावें, आणि उशीर होणार असेल तर तोंड न लपवितां आधीं सांगावें. शेजाऱ्याच्या दारावरून मोकळ्या मनानें जातां येईपर्यंत देणें फिटलें असें समजूं नये.