मालाप्रमाणे गाडी निवडा

मैत्रिणींनो, माल चांगला झाला, ऑर्डरही आली, पण हिशोबाला बसलं की हातात काहीच उरत नाही. असं झालं तर आधी गाडीभाड्याची पावती बघा. गाडी ठरवण्याआधी एक गोष्ट ठरवा: आपण गिऱ्हाइकाला काय कबूल केलंय, कमी दर की ताजा माल?

१) टिकाऊ माल
हळद, मसाला, पापड महिनोन्‌महिने टिकतात. इथं घाई नको, भाडं वाचवा. समजा, शहरापर्यंत टेम्पोचं भाडं ४००० रुपये आहे. एका गटाचा २०० किलो माल नेला तर किलोमागे २० रुपये पडतात. चार गटांचा मिळून ८०० किलो नेला तर फक्त ५ रुपये! सणाचा माल आधीच पोचवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी महागडी गाडी करावी लागत नाही.

२) नाशवंत माल
खवा, पालेभाजी, फुलं यांना वेळेवर सुटणारी गाडीच हवी, भाडं थोडं जास्त पडलं तरी. स्वस्त गाडी उशिरा पोचली तर माल मातीमोल होतो. मात्र हे भाडं विक्रीच्या दरात धरायला विसरू नका.

इथंही एकत्र येण्याचा फायदा होतो. ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. पूर्ण डबा भरण्याइतका माल नसलेल्या शेतकऱ्यालाही त्यातून थोडी फळं-भाजी पाठवता येत होती. वाटेतल्या स्थानकांवरही माल चढत-उतरत होता.

३) हलका पण जागा खाणारा माल
कुरडया कुरिअरने पाठवताय? मग खोकं मोजा. बऱ्याच कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. ५० × ४० × ४० चं खोकं १६ किलोचं धरलं जातं. आत ६ किलो माल असला तरी भाडं १६ किलोचं! म्हणून खोकं मालाच्या बेताचंच घ्या.

पुढच्या बैठकीत एवढं करा
प्रत्येक मालासाठी वहीत चार रकाने आखा: माल किती दिवस टिकतो, गिऱ्हाइकाला कधी हवाय, किलोमागे भाडं किती, वाटेत फुटतो-नासतो किती. शेवटचे दोन खर्च बेरजेत धरा, मगच दर सांगा. आणि शेजारच्या गटाचा माल कधी जाणार आहे, हे ग्रामसंघात विचारल्याशिवाय एकटीनं गाडी ठरवू नका.