कायबंधन आणि सज्जता

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, पाणी गाळण्याचे वस्त्र आणि कायबंधन, म्हणजेच कमरपट्टा, यांचा समावेश होतो. अल्प सामग्रीत संतुष्ट असलेल्या भिक्खूला सामञ्ञफलसुत्तात केवळ पंखांनिशी उडणाऱ्या पक्ष्याची उपमा दिली आहे. या सामग्रीत शस्त्र नाही. उलट, पाणी गाळल्याने त्यातील सूक्ष्म जीवही वाचतात.

औरंगाबाद लेण्यांच्या डोंगरवाटेने जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या कमरपट्ट्यालाही हीच कसोटी लावावी. शिटी, लहान टॉर्च, स्वच्छ पट्टी आणि रक्तगट व पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी एवढे पुरे. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी, म्हणजे अंधारातही हात अचूक पोहोचतो.

चाकू मात्र नसावा. हिसकावला गेल्यास तो आपल्यावरच उलटतो. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, परंतु आवश्यक तेवढ्याच बळापुरता. म्हणून संकटात प्रथम दूर व्हावे, शिटीने माणसे जमवावीत आणि ११२ वर कळवावे. जखमेतून रक्त वाहत असल्यास पट्टी घट्ट दाबून धरावी.

पालकांनी दरमहा मुलासोबत बसून टॉर्चचे सेल व पट्टी तपासावी. पहिल्या शीलाचे पालन आणि मुलाची सुरक्षितता, दोन्ही त्यातून साधतात.