अमोनिया: पुस्तकातला आणि एण्णोरचा

२६ डिसेंबर २०२३ च्या रात्री पावणेबाराच्या सुमारास उत्तर चेन्नईतील एण्णोरच्या किनाऱ्यावरची माणसे खोकत जागी झाली. डोळे चुरचुरत होते, घसा जळत होता. पेरियाकुप्पम, चिन्नकुप्पम या वस्त्यांतली कुटुंबे मुलाबाळांना घेऊन, मिळेल त्या दुचाकीवर आणि रिक्षात बसून दूर निघाली. कित्येकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. (तमिळमध्ये कुप्पम म्हणजे मासेमारांची वस्ती, आपल्याकडचा कोळीवाडाच.) समुद्रातून जहाजाकडून किनाऱ्यावरच्या खत कारखान्याकडे द्रवरूप अमोनिया आणणारी एक नळी पाण्याखाली फुटली होती. जहाज येण्याआधी ती नळी थंड करण्याचे काम चालू असताना आतला दाब एकाएकी उतरला. गळती सुमारे वीस मिनिटांत थांबवण्यात आली, पण पुढे नेमलेल्या समितीच्या हिशोबाने तेवढ्यात ६७ टनांहून अधिक अमोनिया बाहेर पडला होता. त्याच महिन्याच्या सुरुवातीला मिचाँग चक्रीवादळ येऊन गेले होते. त्याने नळीभोवतीचे मोठे दगड हलले आणि नळीला इजा झाली असावी, अशी शक्यता समितीने मांडली.

आपण प्रयोगशाळेत अमोनिया करतो तो नवसागर आणि विरलेला चुना एकत्र तापवून. वास आला की सगळे मागे सरकतात, ओला तांबडा लिटमस निळा होतो, आणि वहीत लिहिले जाते: रंगहीन वायू, तिखट वास, हवेपेक्षा हलका, पाण्यात अतिशय विद्राव्य. या चार गोष्टी परीक्षेला पुरतात. एण्णोरची घटना समजून घ्यायला त्यातल्या शेवटच्या दोन नीट पाहाव्या लागतात.

आधी विद्राव्यता. साध्या तापमानाला एक लीटर पाण्यात सुमारे सातशे लीटर अमोनिया वायू मावतो. कारंज्याच्या प्रयोगात चंचुपात्रातले पाणी आपोआप वर चढते ते यामुळेच. आता आपल्या शरीरात कायम ओले असे काय आहे? डोळे, नाक, घसा, श्वासनलिका. अमोनिया तिथेच विरघळतो आणि विरघळला की तो अल्क होतो. म्हणजे लिटमसवर जे घडते तेच डोळ्याच्या पृष्ठभागावर घडते, फक्त तिथे जिवंत पेशी असतात.

दुसरी गोष्ट हलकेपणाची, आणि इथे पुस्तक अर्धेच सांगते असे मला वाटते. अमोनियाचे रेणुवस्तुमान १७ आणि हवेचे सरासरी २९, म्हणून तो हलका, वर जाणारा. मग तो वर निघून का गेला नाही? कारण नळीत वायू नव्हता, उणे ३३ अंश सेल्सिअसजवळचा द्रव होता. असा द्रव समुद्रात फुटला की बराचसा पाण्यात विरघळतो आणि विरघळताना उष्णता देतो. त्या उष्णतेने उरलेला उकळून वर येतो. तो वायू अजून अतिशय थंड असतो, त्यात बारीक थेंब असतात आणि हवेतली वाफही त्याच्यात गोठून धुके बनते. थंड वायू आणि थेंब यांच्या या मिश्रणाची घनता जास्त. म्हणून सुरुवातीला हा ढग जमिनीलगत, पाण्यालगत सरकतो आणि गरम झाल्यावरच वर चढतो. त्यात डिसेंबरात चेन्नईला ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काळ, म्हणजे वारे बहुधा समुद्राकडून जमिनीकडे.

तमिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाला कारखान्याच्या फाटकाजवळ हवेत दर घनमीटरला २०९० मायक्रोग्रॅम अमोनिया आढळला. राष्ट्रीय मानक चोवीस तासांच्या सरासरीला ४०० आहे, म्हणजे पाचपट. मी हा आकडा दशलक्षात किती भाग असा करून पाहिला. २.०९ मिलिग्रॅमला १७ ने भागून साधारण २४.५ ने गुणले की उत्तर येते ३. कामाच्या जागी आठ तासांसाठी २५ भाग चालतात आणि ३०० भाग हे जिवाला तातडीचा धोका मानतात. मग ३ भागांना एवढी माणसे आजारी कशी पडली? मला वाटते, याचे उत्तर मोजणीच्या वेळेत आहे. उपकरण येऊन नमुना घेईपर्यंत ढगाचा दाट भाग पुढे गेलेला असणार. लोकांच्या छातीत गेलेला आकडा कुठल्याच यंत्रावर नोंदलेला नाही. आकडा वाचताना तो कुठे आणि केव्हा घेतला हे विचारायचे, हे मला या एका भागाकाराने शिकवले.

समुद्राच्या पाण्यात मंडळाला दर लीटरला ४९ मिलिग्रॅम अमोनिया मिळाला. समुद्रात सोडण्याची मर्यादा ५ आहे. मासे स्वतःच्या शरीरातला अमोनिया कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. बाहेरच्या पाण्यातच तो जास्त झाला तर आतला निघत नाही, उलट बाहेरचा आत शिरतो. पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात: विद्युतभारित अमोनियम आणि साधा अमोनिया. खरे विष साधा अमोनिया, कारण तोच कल्ल्यातून सहज पार होतो. समुद्राचा सामू सुमारे ८.१ असतो तेव्हा शंभरातले पाच-सहा भागच या विषारी रूपात असतात. पण अमोनिया स्वतःच अल्क आहे, तो पडला की तिथला सामू वाढतो आणि विषारी रूपाचा वाटाही वाढतो. स्वतःचे विष स्वतःच तीव्र करणारा पदार्थ म्हणायचा! त्याच महिन्यात एण्णोरच्या खाडीत तेल पसरले होते. तेल खारफुटीच्या मुळांना चिकटून बसते. अमोनिया लाटांनी पातळ होतो, जिवाणू आणि सूक्ष्म वनस्पती तो वापरून टाकतात. पण मासेमाराला त्या आठवड्याचे मासे कोण देणार?

मग अमोनिया आणायचाच कशाला? खतांसाठी. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन उत्प्रेरकावर सुमारे ४५० अंशाला, दोनशे वातावरणांच्या दाबाखाली जोडायची रीत जर्मनीच्या फ्रिट्झ हाबरने शोधली. आपल्या ताटातल्या धान्याला ती लागते. याच हाबरच्या देखरेखीखाली २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे क्लोरीन सोडला गेला. तिथल्या सैनिकांनी ओली फडकी तोंडावर धरली होती.

ओले फडके अमोनियावर तर आणखी चांगले चालते. कारण तुम्ही आता सांगू शकता. वास आला तर झेंडा किंवा धूर पाहून वाऱ्याची दिशा ओळखा आणि वाऱ्याला आडवे निघा. वाऱ्याबरोबर पळालात तर ढगही तुमच्याबरोबरच येतो. निघता येत नसेल तर दारे-खिडक्या बंद करून फटीत ओले टॉवेल कोंबा. डोळ्यांत गेला तर किमान पंधरा मिनिटे साध्या वाहत्या पाण्याने धुवा. अल्क आहे म्हणून व्हिनेगर घालू का, असे आमच्या वर्गात एकाने विचारले होते. अजिबात नाही. उदासिनीकरणात उष्णता निघते, आणि ती डोळ्याच्या आतच निघेल.