काम सोपवावे, जबाबदारी नव्हे

सोलापुरात टॉवेल, चादर वा गणवेश तयार करणाऱ्या लहान कारखानदाराचा बराच वेळ कागदपत्रांत जातो. मागणीची नोंद, बिले, थकबाकीची आठवण, मालाची छायाचित्रे, जीएसटीचे विवरणपत्र ही सारी कामे बहुधा त्यालाच करावी लागतात. यांपैकी काही कामे दूर राहणाऱ्या व्यक्तीकडून संगणक व मोबाईलद्वारे, ठरलेल्या मोबदल्यात करून घेता येतात. अशा व्यक्तीस ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणतात. आम्ही तिला ‘दूरस्थ साहाय्यक’ म्हणू. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या असे काम देतील, काही जण ते घेतील. म्हणून दोन्ही बाजूंचा विचार येथे करीत आहोत.

सोलापूरचा जुना धडा

कारखान्याबाहेर काम देणे सोलापूरला नवे नाही. येथील हजारो स्त्रिया तेंदूपत्ता, तंबाखू व दोरा घरी नेऊन बिड्या वळत आल्या आहेत. मजुरी हजार बिड्यांमागे मिळते. परंतु सदोष म्हणून बाजूला काढलेली ‘छाट’ किती धरावी, हा नेहमीचा वाद. घरी बसून काम करणारी स्त्री कामगार ठरते काय, हाही प्रश्न होता. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी वळणाऱ्यांनाही कामगार मानले आणि कच्चा माल, छाट व छाटीची मजुरी यांविषयीचे वाद सोडविण्याची तरतूद केली. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. काम नजरेआड झाले तरी देणाऱ्याचे उत्तरदायित्व संपत नाही, हा त्यातील बोध होय.

काय सोपवावे, काय ठेवावे

ज्या कामाची रीत कागदावर पायरीपायरीने लिहिता येते, ते सोपवावे. भाव ठरविणे, उधारी देणे, तक्रारीवर अंतिम शब्द देणे ही कामे मालकाने स्वतःकडे ठेवावीत. बँकेचा पासवर्ड व ओटीपी कोणासही देऊ नये. विवरणपत्राची आकडेवारी साहाय्यकाने जुळवावी, पण मालकाने ती बिलांशी ताडून पाहावी. जीएसटी कायद्याप्रमाणे विवरणपत्र व्यावसायिकाने भरले तरी त्यातील माहितीच्या अचूकतेची जबाबदारी नोंदणीकृत व्यापाऱ्याचीच राहते. ग्राहकांची नावे व क्रमांक दुसऱ्याच्या हाती दिले तरी त्यांच्या रक्षणाचा भार मूळ व्यवसायावर असतो, हेच तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे.

कसे सोपवावे

थकबाकीच्या आठवणीचे काम उदाहरणादाखल घेऊ. कोणास, किती दिवसांनी, मराठी, कन्नड, तेलुगू वा हिंदी यांपैकी कोणत्या भाषेत संदेश पाठवावा, हे आधी लिहून द्यावे. संदेशाचा नमुना द्यावा. दोन आठवणींनंतरही पैसे न आल्यास साहाय्यकाने थांबून मालकास विचारावे, हेही नमूद करावे. प्रारंभी एकच काम पंधरा दिवस देऊन पाहावे आणि चाचणीच्या त्या दिवसांचाही मोबदला द्यावा. कोणती चूक साहाय्यकाने विनामूल्य दुरुस्त करावयाची व कोणता बदल नवे काम समजावयाचा, हे आधीच ठरवावे. छाटीचा वाद येथेही उद्भवू शकतो.

काम घेणाऱ्यांसाठी

दूरस्थ साहाय्यकांसाठी १९६६ च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आली आहे; तरी रोजच्या व्यवहारात लेखी करार हाच मोठा आधार. कामाचे तास, दर, पैसे मिळण्याची तारीख व काम थांबविण्याची पूर्वसूचना या चार गोष्टी लिहून घेतल्याविना काम हाती घेऊ नये.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, विशेष पक्वान्नांत वाटा द्यावा, वेळेवर विश्रांती द्यावी. सेवकाने दिलेले तेवढेच घ्यावे व काम नीट करावे, असेही तेथे सांगितले आहे. समोरासमोर न भेटणाऱ्या दोन माणसांनाही हे दोन्ही नियम लागू पडतात. मालकाने पडद्यापलीकडच्या माणसाचे श्रम मोजावेत; साहाय्यकाने हाती आलेली ग्राहकांची यादी परक्याची ठेव समजावी. आमचे विद्यार्थी कोणत्याही बाजूस असोत, त्यांनी पहिला करार याच भावनेने लिहावा.